सतरा तासांची राखण, बावीस वर्षांचं काम: जॉन गिबन आणि हृदय-फुप्फुस यंत्र

१९३० च्या ऑक्टोबरातली गोष्ट. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये एका बाईंचं पित्ताशय काढून सुमारे दोन आठवडे झाले होते. शस्त्रक्रिया सरळ पार पडली होती आणि जखम भरत आली होती. अशात एकाएकी त्यांच्या छातीत कळ आली, श्वास अपुरा पडू लागला, चेहरा निळसर झाला आणि रक्तदाब घसरला. पायाच्या किंवा ओटीपोटाच्या शिरेत धरलेली रक्ताची गुठळी सुटून हृदयाच्या उजव्या बाजूतून पुढे सरकली होती आणि फुप्फुसाच्या धमनीत अडकली होती. निदानाबद्दल फारशी शंका नव्हती. प्रश्न उपायाचा होता.

शल्यचिकित्सक एडवर्ड चर्चिल यांनी रुग्णाला शस्त्रक्रियागृहात हलवलं, सगळी हत्यारं तयार ठेवली आणि थांबायचं ठरवलं. जॉन हेशम गिबन नावाचे एक तरुण डॉक्टर त्यांच्याकडे संशोधनासाठी आले होते, वय सत्तावीस. त्यांना रुग्णाशेजारी बसवलं गेलं. काम एकच: दर १५ मिनिटांनी नाडी आणि रक्तदाब मोजून कागदावर उतरवायचा. दुपारी सुरू झालेली ही राखण १७ तास चालली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास श्वास थांबला, रक्तदाब लागेनासा झाला. चर्चिल यांनी साडेसहा मिनिटांत छाती उघडली, धमनीला छेद दिला, गुठळी बाहेर काढली आणि छेद बंद केला. बाई वाचल्या नाहीत.

(गिबन यांनी स्वतः पुढे ही रात्र फेब्रुवारी १९३१ मधली म्हणून सांगितली आहे. रुग्णालयाच्या नोंदींवरून ती ऑक्टोबर १९३० ची ठरते. तारीख विसरली गेली, पण १७ तास विसरले गेले नाहीत.)

थांबायचं की छाती उघडायची

आजच्या वाचकाला पहिला प्रश्न पडतो तो हा की चर्चिल इतका वेळ थांबले कशाला. गुठळी कुठे आहे ते माहीत होतं, हत्यारं समोर होती, हातात कसब होतं. मग पहिल्याच तासाला शस्त्रक्रिया का केली नाही?

कारण ती शस्त्रक्रिया त्या काळी जवळपास मृत्यूइतकीच घातक होती. जर्मनीत फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १९०८ मध्ये फुप्फुसाच्या धमनीतली गुठळी काढण्याची पद्धत मांडली. त्यांच्या स्वतःच्या रुग्णांपैकी कुणीही बरं होऊन घरी गेलं नाही. पहिलं यश मिळालं १९२४ मध्ये, क्योनिग्सबर्गला मार्टिन किर्शनर यांना. अमेरिकेत तर तोवर या शस्त्रक्रियेतून एकही रुग्ण वाचलेला नव्हता. धमनी चिमटीत धरून बंद केली की शरीराचा रक्तपुरवठाच थांबतो, आणि मेंदू नेहमीच्या तापमानाला ऑक्सिजनविना जेमतेम चार-पाच मिनिटं टिकतो. तेवढ्यात काय ते उरकायचं.

दुसऱ्या बाजूला, अशी गुठळी झालेले काही रुग्ण आपोआप सावरतही. गुठळी थोडी सरकते, विरघळते, वाट मोकळी होते. म्हणजे लवकर छाती उघडावी तर एरवी वाचला असता असा माणूस टेबलावरच दगावण्याची भीती, आणि खात्री होईपर्यंत थांबावं तर माणूस हातचा गेलेला. चर्चिल यांच्या निर्णयात मला उणीव दिसत नाही. उपलब्ध ज्ञानात तोच निर्णय योग्य होता, आणि योग्य निर्णय घेऊनही रुग्ण गेला. या प्रकरणाचं मूळ मी इथे मानतो. चूक कुणाचीच नव्हती. शस्त्रक्रियेच्या साधनांमध्ये एक साधन मुळातच नव्हतं.

त्या रात्री नेमकं काय सुचलं

गिबन यांची कथा बहुतेक वेळा एका लख्ख क्षणाची म्हणून सांगितली जाते. मला ती तशी वाटत नाही. दर पाव तासाला आकडे लिहिणाऱ्या माणसाच्या हातात सकाळपर्यंत साठ-सत्तर नोंदी जमतात. प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीशेजारी बसते आणि शरीर कसं हरत चाललंय याचा आलेखच तयार होतो. त्यांच्यासमोर उजवं हृदय अडथळ्याविरुद्ध रेटा देऊन दमत होतं, मानेच्या शिरा फुगत होत्या, डाव्या हृदयाला पुढे ढकलायला रक्तच मिळत नव्हतं. करण्यासारखं काही नव्हतं, पाहण्यासारखं भरपूर होतं.

त्यातून वारंवार डोक्यात आलेला विचार गिबन यांनी नंतर लिहून ठेवला आहे. त्याचा आशय असा: फुगलेल्या शिरांमधलं थोडं निळं रक्त सतत बाहेर काढता आलं, यंत्रात त्याला ऑक्सिजन देऊन कार्बन डायऑक्साइड काढून टाकता आला आणि ते पुन्हा धमन्यांमध्ये सोडता आलं, तर ही बाई वाचू शकेल.

यातला ‘थोडं’ हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. हृदय थांबवून, उघडून आत टाके घालायचे, असं काही त्या रात्री त्यांच्या मनात नव्हतं. अडथळ्याला वळसा घालायचा, एवढीच मागणी. म्हणजे फुप्फुसाचं काम करणारा एक भाग आणि हृदयाचं काम करणारा एक भाग, या दोनच गोष्टी हव्या होत्या. प्रश्न इतका नेमका मांडला गेला म्हणून पुढची बावीस वर्षं त्याच्यावर काम करता आलं. ‘हृदयाच्या शस्त्रक्रिया व्हायला हव्यात’ अशी भव्य इच्छा धरून बसले असते तर प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी काय करायचं हेही कळलं नसतं.

गिबन यांच्या घराण्यात डॉक्टरकी पिढ्यान्‌पिढ्या होती, वडीलही शल्यचिकित्सक. तरी विद्यार्थी असताना त्यांच्या मनात वैद्यकी सोडून लेखन करावं असं आलं होतं. पदवी पुरी कर, या वडिलांच्या सल्ल्यामुळे ते थांबले. १९२७ मध्ये फिलाडेल्फियाच्या जेफरसन मेडिकल कॉलेजातून पदवी घेतल्यावर पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमध्ये त्यांनी क्षारांचा रक्तदाबावर होणारा परिणाम तपासणाऱ्या एका अभ्यासात भाग घेतला. मोजमापाची गोडी तिथे लागली. ज्याला मोजण्याची सवय नाही असा माणूस त्या खाटेशेजारी बसला असता, तर त्याला दुःख झालं असतं, पण हा प्रश्न दिसला असता की नाही, शंका आहे.

मांजरं, जुना पंप आणि मेरी हॉपकिन्सन

१९३१ मध्ये गिबन यांचं लग्न झालं मेरी हॉपकिन्सन यांच्याशी. त्या चर्चिल यांच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होत्या. या प्रकरणाच्या अनेक कथनांत त्या ‘पत्नी’ म्हणून एका ओळीत येऊन जातात, आणि ते अन्यायाचं आहे. १९३४ मध्ये गिबन दांपत्य बॉस्टनला परतलं तेव्हा यंत्र जुळवणं, प्राण्याला भूल देणं, उपकरणं निर्जंतुक करणं, मोजमापं घेणं या सगळ्यात त्यांचा निम्मा वाटा होता. चर्चिल यांनी जागा आणि मुभा दिली, उत्साह मात्र फारसा दाखवला नाही. आसपासच्या बहुतेक जाणत्यांचं मत होतं की या तरुणाने वर्ष वाया घालवू नये.

सामान साधंच होतं. हवेचा पंप जुन्या मालाच्या दुकानातून काही डॉलरला आणलेला. प्रयोगासाठी मांजरं हवी होती, आणि गिबन यांनी स्वतः सांगितलंय की रात्री बीकन हिल भागात टूना मासा आणि गोणपाट घेऊन ते भटकी मांजरं पकडत फिरायचे.

प्रयोगाची रचना पाहिली की कळतं, ती बॉस्टनची रुग्ण त्यांच्या मनातून गेली नव्हती. मांजराच्या फुप्फुसाच्या धमनीभोवती बाहेरून आवळता येईल असा चिमटा बसवला जाई. चिमटा आवळला की धमनी पूर्ण बंद, म्हणजे गुठळीने जे केलं तेच. मग शिरेतून रक्त काढून उभ्या, फिरणाऱ्या सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर सोडायचं. सिलिंडर फिरल्यामुळे रक्ताचा पातळ थर पसरतो, त्या थरावरून ऑक्सिजन वाहतो, तळाशी जमलेलं लाल रक्त पंपाने धमनीत परत जातं.

हे लिहायला दोन वाक्यं पुरतात, जमवायला वर्षं लागली. रक्त काच, रबर किंवा धातूला लागलं की गोठतं. त्यावर हेपॅरिन हा उपाय होता. ते १९१६ मध्ये बाल्टिमोरला जे मॅक्लीन आणि विल्यम हॉवेल यांच्या कामातून पुढे आलं, पण वापरण्याजोगं शुद्ध रूप मिळायला १९३० चं दशक उजाडावं लागलं. वेळ दहा वर्षं आधीची असती तर गिबन यांची कल्पना कागदावरच राहिली असती. पंपाचीही तीच अडचण: फार जोर लावला तर रक्तपेशी फुटतात. शिवाय आत जाणारं आणि बाहेर येणारं रक्त सारखंच हवं, नाही तर प्राणी एक तर कोरडा पडतो किंवा तुंबतो. आणि हवेचा एखादा बुडबुडा मेंदूकडे गेला की सगळं संपलं.

१९३५ मध्ये तो दिवस आला. चिमटा पूर्ण आवळला आणि रक्तदाब हलला नाही. मांजराचं सगळं रक्ताभिसरण यंत्र चालवत होतं. गिबन यांनी आठवण लिहिली आहे की दोघांनी एकमेकांना मिठी मारली आणि प्रयोगशाळेत नाचले. पुढे ३९ मिनिटांपर्यंत यंत्राने काम निभावलं. १९३७ मध्ये हे निष्कर्ष छापून आले, आणि १९३९ पर्यंत काही मांजरं प्रयोगानंतर बरी होऊन कित्येक महिने जगली.

मांजरापासून माणसापर्यंत

मग युद्ध आलं. गिबन सैन्यात शल्यचिकित्सक म्हणून पॅसिफिकमध्ये गेले आणि काम काही वर्षं बंद पडलं. १९४६ मध्ये ते जेफरसनला प्राध्यापक म्हणून परतले.

आता प्रश्न आकाराचा होता. मोठ्या माणसाचं हृदय विश्रांतीतही मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त ढकलतं. तेवढ्या रक्ताला पुरेल असं फिरतं सिलिंडर बांधायचं तर ते खोलीतही मावलं नसतं. इथे मदत आली ती वैद्यकाबाहेरून. एका विद्यार्थ्याच्या ओळखीने गिबन यांची भेट आयबीएम कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांच्याशी झाली. या यंत्रातून आपल्यापैकी कुणी पैसा करायचा नाही, हे गिबन यांनी आधीच सांगितलं आणि वॉटसन यांनी ते मान्य केलं. कंपनीचे अभियंते कामाला लागले.

ऑक्सिजनचा तिढा सुटला तो जेफरसनच्याच प्रयोगशाळेत. तिथल्या सहकाऱ्यांच्या ध्यानात आलं की रक्ताचा थर गुळगुळीत वाहण्याऐवजी थोडा खळबळला तर तो कितीतरी पटींनी जास्त ऑक्सिजन घेतो. म्हणून सिलिंडर काढून टाकलं आणि स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांच्या उभ्या जाळ्या बसवल्या. रक्त जाळीवरून खाली ओघळतं, तारांवर आपटून ढवळलं जातं. पेशी न चेपणारा रोलर पंप मायकेल डिबेकी यांच्या १९३० च्या दशकातल्या कामातून आला. डाव्या हृदयात साठणारी हवा आणि रक्त बाहेर काढणारी नळी सहकारी फ्रँक ऑलब्रिटन यांच्या हाताने घडली. कुत्र्यांवरच्या प्रयोगांतला मृत्युदर सुमारे ८० टक्क्यांवरून १२ टक्क्यांच्या आसपास आला, तेव्हा माणसाचा विचार सुरू झाला.

एव्हाना उद्दिष्टही रुंदावलं होतं. यंत्र हृदयाला पूर्ण सुट्टी देऊ शकत असेल तर हृदय उघडता येईल, आत दिसेल, दिसेल ते दुरुस्त करता येईल. इतर जणही त्याच वाटेवर होते. मिनेसोटात क्लॅरेन्स डेनिस यांनी एप्रिल १९५१ मध्ये एका मुलीचं हृदय यंत्राच्या आधाराने उघडलं; आतला दोष अपेक्षेपेक्षा गुंतागुंतीचा निघाला आणि ती वाचली नाही. तिथेच सप्टेंबर १९५२ मध्ये जॉन लुईस यांनी यंत्राविना, शरीर थंड करून, हृदयाच्या पडद्यातलं छिद्र बंद केलं. थंडीने काही मिनिटंच वाढवून मिळत होती. साध्या छिद्राला ती पुरत, त्याहून अवघड दोषाला नाही.

फेब्रुवारी १९५२ मध्ये गिबन यांनी पहिल्या रुग्णावर यंत्र वापरलं. पंधरा महिन्यांचं बाळ, निदान दोन कर्णिकांमधल्या पडद्याला छिद्र असल्याचं. हृदय उघडलं तर छिद्र नव्हतंच. बाळ गेलं आणि शवविच्छेदनात कळलं की दोष हृदयाबाहेरच्या, जन्मानंतर मिटायला हव्या अशा एका वाहिनीत होता. यंत्राने त्याचं काम केलं होतं, निदानाने दगा दिला.

६ मे १९५३ ला अठरा वर्षांची एक तरुणी टेबलावर होती. हृदय निकामी होत चालल्यामुळे तिला त्या आधीच्या सहा महिन्यांत पुन्हा पुन्हा दाखल करावं लागलं होतं. या वेळी निदान बरोबर होतं. पडद्यातलं मोठं छिद्र गिबन यांनी सलग टाके घालून बंद केलं. शस्त्रक्रिया निर्विघ्न नव्हती: हेपॅरिन कमी पडलं, जाळ्यांवर रक्त साकळू लागलं, ऑक्सिजन घटू लागला. तरी २६ मिनिटं त्या मुलीचं हृदय आणि फुप्फुसं दोन्ही यंत्रावर होती, आणि त्यानंतर तिचं स्वतःचं हृदय पुन्हा चालू लागलं. ती बरी होऊन घरी गेली आणि पुढे अनेक दशकं जगली. यंत्राच्या पूर्ण आधाराने हृदय उघडून केलेली ही पहिली यशस्वी शस्त्रक्रिया. गिबन यांनी तिचा गाजावाजा केला नाही. सविस्तर लेख पुढच्या वर्षी मिनेसोटाच्या एका प्रादेशिक वैद्यकीय नियतकालिकात आला.

मूळ आजाराचं काय झालं

ज्या आजारासाठी हे सगळं सुरू झालं त्याच्या वाट्याला यंत्र बरंच उशिरा आलं. फुप्फुसाच्या धमनीतली गुठळी यंत्राच्या आधाराने यशस्वीपणे काढली गेली ती १९६१ मध्ये, ह्यूस्टनला डेंटन कूली यांच्या हातून. बॉस्टनच्या त्या सकाळनंतर तीस वर्षं उलटली होती. जन्मजात छिद्रं, खराब झालेल्या झडपा, फॅलोचा विकार (हृदयातल्या चार जन्मजात दोषांचा समूह), यांच्यावरचं काम तोवर कितीतरी पुढे गेलं होतं.

त्याहून विलक्षण वाटतं ते हेपॅरिनचं. गिबन यांनी ते यंत्रातलं रक्त वाहतं ठेवायला वापरलं. पण ज्या रुग्णासाठी यंत्र हवं होतं तिच्या आजारावरचं पहिलं भरवशाचं औषधही तेच ठरलं. १९६० मध्ये ब्रिस्टलच्या बॅरिट आणि जॉर्डन यांनी नियंत्रित चाचणीत दाखवून दिलं की फुप्फुसात गुठळी गेलेल्या रुग्णांना रक्त पातळ करणारी औषधं दिली तर मृत्यू झपाट्याने कमी होतात. आज मोठ्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला लवकर चालवतात, जोखीम असेल तर हेपॅरिनची इंजेक्शनं देतात, आणि मुळात गुठळी होऊच नये असं पाहतात. झालीच तर ती विरघळवणारी औषधं आहेत, नळीवाटे ओढून काढायची सोय आहे. छाती उघडायची वेळ क्वचितच येते.

आणि त्या रात्रीचा ‘थोडं रक्त सतत बाहेर काढून ऑक्सिजन देऊन परत करायचं’ हा विचार जसाच्या तसा पाहायचा असेल तर तो एक्मोमध्ये, म्हणजे शरीराबाहेर रक्ताला ऑक्सिजन देणाऱ्या यंत्रात, दिसतो. मध्ये पातळ पटल (पडदा) असलेल्या ऑक्सिजनेटरमुळे रक्त आणि वायू थेट एकमेकांना भिडेनासे झाले, त्यामुळे आधार तासांऐवजी दिवसांवर गेला. १९७१ मध्ये डोनाल्ड हिल यांनी अपघातात सापडलेल्या एका तरुणाला असा दीर्घ आधार देऊन वाचवलं. १९७५ मध्ये रॉबर्ट बार्टलेट यांनी एका नवजात मुलीला वाचवलं. अतिदक्षता विभागात रुग्णाशेजारी उभं असलेलं हे यंत्र गिबन यांच्या मूळ मागणीच्या सर्वांत जवळचं आहे.

मधल्या काळात यंत्रामुळे काय काय शक्य झालं त्याची यादी मोठी आहे, पण दोन-तीन टप्पे सांगायलाच हवेत. १९६० मध्ये कृत्रिम झडप, १९६७ च्या मे महिन्यात क्लीव्हलँडला रेने फावालोरो यांची हृदयधमनीची बायपास शस्त्रक्रिया, आणि त्याच वर्षी ३ डिसेंबरला केपटाउनला क्रिस्तियान बर्नार्ड यांचं हृदयप्रत्यारोपण. यांतलं काहीही चार मिनिटांत उरकण्यासारखं नव्हतं.

थांबण्याचा निर्णय

या प्रकरणातला सर्वांत वादाचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. १९५३ च्या मे महिन्यातल्या यशानंतर जुलैत गिबन यांनी दोन लहान मुलींवर यंत्र वापरून शस्त्रक्रिया केल्या. दोघीही गेल्या. एकीच्या हृदयात आधी न कळलेले आणखी दोष होते. गिबन यांनी वर्षभर यंत्राचा वापर बंद करायचं जाहीर केलं, आणि पुढे स्वतः कधीच हृदय उघडलं नाही. काम तरुण सहकाऱ्यांकडे सोपवलं आणि ते छातीच्या इतर शस्त्रक्रिया आणि अध्यापनाकडे वळले.

याउलट उदाहरण मिनेसोटातल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाचं. जॉन कर्कलिन यांनी गिबन यांच्या प्रयोगशाळेत येऊन यंत्र पाहिलं. गिबन यांनी आराखडे मोकळेपणाने दिले. यंत्रात सुधारणा करून कर्कलिन यांच्या चमूने २२ मार्च १९५५ ला पहिली शस्त्रक्रिया केली. त्यांनी आठ रुग्ण आधीच निवडले होते आणि असंही ठरवलं होतं की पहिले सात दगावले तरी आठवी शस्त्रक्रिया करायचीच. आठांपैकी चार वाचले. त्याच सुमारास जवळच्या मिनियापोलिसमध्ये वॉल्टन लिलेहाय हे मुलाच्या वडिलांना किंवा आईलाच यंत्राच्या जागी जोडत होते, दोघांचं रक्ताभिसरण एक करून. त्या ४५ रुग्णांपैकी २८ वाचले आणि मग तिथेही बुडबुड्यांचा साधा ऑक्सिजनेटर आला.

गिबन यांनी हार मानली, असं अनेकदा लिहिलं जातं. मला ते पटत नाही. त्यांचे मृत्यू आणि कर्कलिन यांचे मृत्यू यांत फरक आहे. जेफरसनला पहिलं बाळ आणि जुलैतली एक मुलगी, दोन्हींच्या बाबतीत छाती उघडेपर्यंत आतला दोष पुरता माहीत नव्हता. मेयोमध्ये अर्ल वूड यांची कॅथेटर (रक्तवाहिनीतून हृदयात सरकवायची बारीक नळी) प्रयोगशाळा होती. हृदयाच्या प्रत्येक कप्प्यातला दाब आणि ऑक्सिजन आधी मोजून मगच रुग्ण टेबलावर येत असे. हृदयरोगतज्ज्ञ, शरीरक्रियातज्ज्ञ, विकृतितज्ज्ञ आणि अभियंते एकाच छताखाली होते. कर्कलिन यांना ‘आठही करायच्या’ असं ठरवता आलं, कारण त्या आठ हृदयांत काय सापडेल याचा त्यांना बऱ्यापैकी अंदाज होता. गिबन यांच्याकडे तशी खात्री नव्हती, आणि ती नसताना पुढच्या मुलाच्या आईवडिलांसमोर बसून संमती मागणं त्यांना मान्य नव्हतं. यंत्र तयार झालं होतं, निदान अजून त्याच्या पातळीला पोचलं नव्हतं, आणि दुसऱ्या कुणाकडे ते पोचलंय हे दिसताच त्यांनी आपले आराखडे त्यांच्या हाती दिले.